पहिलं घमेलं

॥ श्री ॥
रोहा, ३ जुलै १९९४

ति. दादास,
मालूचा सा. नमस्कार. वि. वि.

महिनाभर तुझं पत्र नाही. म्हणजे एकतर बांधावर माती टाकतोयस, नाहीतर माझ्यावर रुसलायस. रुसला असशील तर लवकर आवर, कारण यंदा मला माहेरी येऊन समजूत काढता येणार नाही. सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांचं उठणं, बसणं, न्हाणं सगळं माझ्याकडे आहे. यांची धाटावच्या कंपनीत पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे घर सोडून एक दिवससुद्धा हलता येत नाही.

आता बातमी सांगते, हसू नकोस. चाळिशी उलटलेल्या तुझ्या बहिणीला विद्यापीठाने बी.ए.च्या शेवटच्या वर्षात घेतलं आहे. पुस्तकं टपालाने येतात आणि उत्तरं टपालाने जातात. पहिला स्वाध्याय ऑगस्टअखेर द्यायचा आहे. विषय आहे सरकारची सत्ता आणि माणसाचे हक्क. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात दोन विद्वान होऊन गेले. हॉब्स म्हणतो की माणसं मोकळी सोडली तर एकमेकांच्या नरडीला लागतील, म्हणून सगळ्यांनी आपले हक्क एकाच्या हाती द्यावेत आणि त्याचा शब्द मानावा. लॉक म्हणतो की जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता माणसाची आधीपासूनच असते, सरकार तिची फक्त राखण करतं, आणि राखणदारच हात मारू लागला तर लोकांनी त्याला काढावं.

वाचताना मला सारखा तूच दिसतोस. चिंचखारच्या बाहेरकाठ्याचा तू कारभारी. खाडीचं पाणी शेतात येऊ न देणारा तो मातीचा बांध तुझ्या हुकमावर उभा आहे. उधाणात बांध फुटून खांड पडली की तू काठी दाखवशील त्या शेतातली माती खणायची आणि मालकाने हूं की चूं करायचं नाही. तेव्हा कारभारीबुवा, तुम्ही कुणाच्या बाजूचे ते कळवा, म्हणजे माझी दोन पानं भरतील.

आईने मला चोळीबांगडीसाठी दिलेल्या शेताच्या तुकड्यावर लक्ष ठेव. दिवाळीला तू तिथला तांदूळ घेऊन येतोस तेव्हा या घरात माझी मान ताठ होते. हौसावहिनीला सांग की पेणच्या कारखान्यात गणपतींना रंग देताना स्वतःच्या पाठीकडेही जरा बघावं. माझ्या भाचीला, ऋतुजाला, आशीर्वाद.

माया आहेच, ती महिन्यातून एकदा कागदावर उतरावी, ही विनंती.
तुझी,
मालू


॥ श्री ॥
चिंचखार, ता. पेण
१३ जुलै १९९४

चि. सौ. मालूस,
दादाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कमरेपर्यंत चिखलात होतो. शनिवारी, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारच्या भरतीला बाहेरकाठा फुटला. बैलगाडी आरपार जाईल एवढी खांड. घरटी एक माणूस धावला, चाळीसेक घमेली जमली, आणि दोन तासांनी बुजवली एकदाची. घमेली उचलून बोटं सुजलीत, अक्षर समजून घे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी मिळालं. कान्हू आठवतो ना, तुझ्या मैत्रिणीचा, शांतीचा नवरा? मी त्याच्या शेताकडे काठी दाखवली तर तो आडवा उभा राहिला आणि माती देणार नाही म्हणाला. काहीतरी रीतीभातीचं बोलत होता. भरतीला रीत कळते का? त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्धा तास गेला आणि तेवढ्यात सात घरांची रोपं खाऱ्या पाण्याखाली गेली. सात घरांचं वर्ष गेलं, मालू. तुझ्या त्या हॉब्सला माझा रामराम सांग. तो नक्की कुठल्यातरी खाडीकाठी जन्मला असणार. लॉकला मात्र एकदा उधाणात आमच्या बांधावर आणून उभा कर, मग बघू त्याची मालमत्ता किती वेळ कोरडी राहते.

सोमवारी गावकी बसली आणि कान्हूला वाळीत टाकलं. त्याच्या घराशी कुणी बोलायचं नाही, कामाला जायचं नाही, दुकानाने माल द्यायचा नाही, त्याच्या गणपतीला कुणी हात लावायचा नाही. देवळासमोर नाक घासून माफी मागितली तर पुढचं पुढे. निर्णय गावकीचा आहे, माझ्या एकट्याचा नाही.

ऋतुजाचं लग्न मार्गशीर्षात नक्की झालं. मुलगा आपल्याच गावकीतला आहे. घराजवळच्या शेतात यंदा रोपं इतकी सुरेख आलीत की लग्नाचा तांदूळ विकत घ्यायला नको. तुझ्या तुकड्याबद्दल पुढे सवडीने लिहीन.

सासूबाईंना नमस्कार. भावाची आठवण ठेवावी, त्याला उत्तराची घाई नाही असं समजू नये.
तुझा,
दादा


॥ श्री ॥
रोहा, १८ जुलै १९९४

ति. दादास,
सा. नमस्कार. वि. वि.

खांडीचं वाचलं. तुला काही झालं नाही, हे आधी तीनदा वाचून घेतलं आणि मग पुढचं वाचलं.

पण पुढचं वाचून मात्र बरं वाटलं नाही. सात घरांचं नुकसान झालं हे खरं, आणि मी तिथे नव्हते हेही खरं. तरी एका माणसाला दुकानातलं मीठसुद्धा मिळू द्यायचं नाही, ही कसली शिक्षा? तुझ्या लाडक्या हॉब्सचा राजादेखील, माणसाने जीव वाचवायची धडपड केली तर तिला गुन्हा म्हणत नाही. पुस्तकात तिसरा एक रूसो आहे. त्याच्या मते सगळ्यांची मिळून एक इच्छा असते, आणि जो ती मानत नाही त्याला ती मानायला लावावी. हे वाचताना मला आपलं देवळासमोरचं पटांगण आठवलं आणि हसू आलं. तुझं पत्र आल्यापासून ते हसू गेलं आहे.

कान्हू रीतीभातीचं नेमकं काय बोलत होता, ते तू लिहिलं नाहीस. मला एकच रीत आठवते. बाबा कारभारी होते तेव्हा खांड पडली की ते आधी घराजवळच्या आपल्या शेतात जायचे, पहिलं घमेलं तिथलं भरायचे, स्वतःच्या डोक्यावरून बांधावर नेऊन ओतायचे, आणि मगच दुसऱ्याच्या शेताकडे काठी दाखवायचे. शेत शंभर पावलं लांब असलं तरी. आई एकदा म्हणाली होती की जवळची माती सोडून लांबची कशाला. त्यावर बाबा म्हणाले की कारभाऱ्याला आधी दुखलं पाहिजे, नाहीतर तो कुणाचंही शेत खणील. दादा, हे कुठल्या इंग्रजाने सांगितलेलं नाही, हा आपल्या खाडीकाठचा करार आहे. मी स्वाध्यायात लिहिणार आहे. तूही तसंच केलं असशील, तेव्हा कान्हूची तक्रार कशाबद्दल होती ते मला कळेना.

सवडीने नको, लगेच लिही. सासूबाई विचारतात की भावाचं पत्र का नाही, त्यांना काहीतरी सांगता यावं.
तुझी,
मालू


चिंचखार
२४ जुलै ९४

मालूताय गो,
शांतीचा नमस्कार.

मी साक्षरतेच्या वर्गात लिवायला शिकली, म्हून हे माज्या हातचं हाय. चुकलं तर हसू नको. दुसऱ्या कोनाकडून लिवून घ्यायचं तर आता आमच्याशी कोन बोलत नाय.

आमाला वालीत टाकलाय, तुला म्हाईत असंल. विहिरीवर मी गेली का बाया कलशी उचलून बाजूला होतात. दुकानवाला नाय बोलतो. मिठागरात ज्यांच्यासंगती पंधरा वरसं पाट्या उचलल्या, त्या बी मान फिरवतात. पेणला चालत जाऊन तेल आनते. त्याचं मला येवढं वाटत नाय. माजा घरवाला रातचा उठून बसतो आनि बोलतो, मी खोटा बोललो का गो? त्याचं वाटतं.

तू इचारशील म्हून सांगते. त्यो माती द्यायला नाय बोलला नव्हता. त्यो बोलला का आधी कारभाऱ्याच्या शेतातलं पयलं घमेलं येऊ दे, मग माजं सगलं शेत खना. तर हैबतदादा बोलले का पयलं घमेलं आलंय, माज्याच शेतातलं हाय. पन ते तुज्या आयशीनं तुला दिलेल्या तुकड्यातलं होतं. समद्या गावाला म्हाईत हाय त्यो तुकडा तुजा. माजा घरवाला तेवढंच बोलला. मग तुज्या तुकड्यातनंच दोन तास माती काढली. आता तिथं तलं झालंय, खाऱ्या पान्याचं. तुला कोनी कलवलं का नाय ते म्हाईत नाय.

तू माहेरवाशीन, तुज्या भावाचं वाईट तुला सांगते, तर माफी कर. तुज्यापाशी काय मागत नाय. फकस्त खरं काय ते तुला ठावं असावं.

तुजी,
शांती


रोहा, २७ जुलै १९९४

ति. दादास,
नमस्कार.

शांतीचं पत्र आलं. माझ्या तुकड्यात तळं झालं आहे, हे मला तिच्याकडून कळलं.

मातीचं मला काही नाही. ती बांधावरच गेली. पण पहिलं घमेलं माझ्या तुकड्यातलं भरून तू ते आपलं म्हणून ओतलंस, आणि एक माणूस खरं बोलला म्हणून त्याच्या बायकोला तेलासाठी पेणपर्यंत चालवतोयस. तुझं शेत शंभर पावलांवर होतं. तुझी सुरेख रोपं होती. आता मला सगळं कळलं.

मला तुझा फार राग आला आहे. याहून जास्त आज लिहवत नाही.
मालू


॥ श्री ॥
चिंचखार, २ ऑगस्ट १९९४

चि. सौ. मालूस,
आशीर्वाद. विशेष.

तुझ्या पत्राने दोन दिवस जेवण गेलं नाही. हौसाने विचारलं तर तिला सांगितलं की दात दुखतो.

माझी बाजू ऐक. खांड तुझ्या तुकड्यासमोरच पडली होती. पाणी आत घुसत होतं. अशा वेळी मी काय करायला हवं होतं, रोह्याला पत्र घालून तुझी परवानगी मागवायला हवी होती का? आणि आई गेली तेव्हा तिने तोंडी दिलं एवढंच, सातबारा आजही माझ्याच नावावर आहे. तिथे नांगर माझा, बी माझं. बहिणीचं ते भावाचं, एवढं समजून मी घमेलं भरलं, त्यात चोरी होती असं मनात आलं नाही. तुझ्या लॉकचं मी हौसाच्या मामेभावाला विचारलं, तो पेणच्या शाळेत शिकवतो. तो म्हणाला की लॉकच्या मते माणसाने तोंडाने हो म्हटलंच पाहिजे असं नाही. राज्याचा फायदा घेतो, त्याच्या रस्त्याने चालतो, म्हणजे त्याला ते मान्य आहे असं धरावं. मग तू दर दिवाळीला त्या तुकड्याचा तांदूळ खातेस. तो बांधामुळेच पिकतो ना?

आता मुद्द्याचं. गावात कुजबुज सुरू झाली आहे. पहिलं घमेलं कुणाचं होतं, असं दोघातिघांनी मला तोंडावर विचारलं. चौदा तारखेला, रविवारी, गावकी पुन्हा बसते आहे. कारभारी खोटा ठरला तर जी शिक्षा कान्हूला तीच त्याला, हा आपलाच नियम आहे. ऋतुजाच्या सासरचे याच गावकीत आहेत. वाळीतल्या घराच्या मांडवात कोण पाऊल ठेवील?

मला एवढंच हवं आहे. तू दोन ओळी लिहून दे की जूनमध्येच तू मला सांगितलं होतंस, लागली तर माझ्या तुकड्याची माती आपली समजून घे. गावात येणारं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवतो, तुझंही मीच वाचीन. त्यात कुणाचं वाईट नाही. कान्हूचं मी नंतर हळूहळू मिटवीन, शब्द देतो. आणि तुकड्याच्या सातबाऱ्यावर तुझं नाव चढवायला त्याच आठवड्यात तलाठ्याकडे जाईन.

मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. ही एकच वेळ सांभाळून घ्यावी, ही मोठ्या भावाची विनवणी.
दादा


॥ श्री ॥
रोहा, ८ ऑगस्ट १९९४

ति. दादास,
मालूचा सा. नमस्कार. वि. वि.

चार दिवस तुझं पत्र उशाखाली ठेवून झोपले. यांना दाखवलं. हे म्हणाले की लिहून दे, दोन ओळींनी कुणाचं काय जातं, भाऊ आहे. सासूबाई म्हणाल्या की माहेर राहिलं तर बाई राहते. तीन वेळा कागद घेऊन बसले आणि तुला हवं तसं लिहिलंसुद्धा. मग शांतीच्या अक्षरातलं ते वाकडंतिकडं पत्र पुन्हा वाचलं आणि माझा कागद चुलीत टाकला.

तुझ्या शिक्षक मेव्हण्याने लॉकचं सांगितलं ते बरोबर आहे, आणि मी त्यावर बराच वेळ अडले. मी तांदूळ खाते, म्हणजे मला बांध मान्य आहे. मान्यच आहे. पण बांध मान्य म्हणजे त्याची रीतही मान्य, आणि कारभाऱ्याचं आधी खणायचं ही त्यातली पहिली अट आहे. मी मान्य केलेलं तूच मोडलंस, दादा. भरतीच्या वेळी मला पत्र घालायला नको होतं. शंभर पावलं चालायला हवी होती. हॉब्सचा राजा करारात स्वतः नसतोच, त्याला कुठली अट लागत नाही. आपल्या बापजाद्यांनी मात्र कारभाऱ्याला अट घातली. खाडी बघूनसुद्धा घातली.

आणि सातबारा मला या पत्राच्या बदल्यात नको. तू असं लिहिलंस याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

सोबत गावकीसाठी वेगळा कागद घातला आहे. त्यात मी असं लिहिलं आहे:

“चिंचखारच्या गावकीस मालूचा नमस्कार. ९ जुलैला माझ्या तुकड्यातली माती घेतली, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी आनंदाने हो म्हटलं असतं. पण विचारलं नव्हतं. म्हणून ते पहिलं घमेलं कारभाऱ्याचं नव्हतं, आणि कान्हू बोलला ते खरं होतं.”

हा कागद मी दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. तुझ्याच हाती देते. वाचायचा की फाडायचा ते तू ठरव. तू उलटं वाचलंस तरी मी तिथे सांगायला येणार नाही, आणि शांतीच्या पत्राशिवाय दुसरा पुरावा नाही. लग्नाचा विचार करून मला झोप येत नाही. ऋतुजाला मी मांडीवर खेळवली आहे. तिचं काही वाईट झालं तर ते माझ्या हातून झालं असं मी समजेन, तरीही मला दुसरं लिहिता येत नाही.

राखी याच पाकिटात आहे. कागद फाडलास तरी राखी बांध.
तुझी,
मालू


॥ श्री ॥
चिंचखार, १७ ऑगस्ट १९९४

चि. सौ. मालूस,
दादाचे आशीर्वाद. विशेष.

रविवारी गावकी बसली. तुझा कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. खरं सांगतो, देवळापर्यंत जाईस्तोवर मी तो उलटा वाचायचाच ठरवला होता. वाक्यंसुद्धा मनात जुळवली होती. सगळे बसले होते. कान्हू आणि शांती पटांगणाबाहेर, वाळीतल्यांनी उभं राहायचं तिथे उभे होते. मी कागद उघडला आणि शांतीकडे नजर गेली. तिचे ओठ हलत होते. लांबून, माझ्या हातातल्या कागदातून उन्हात दिसणारी अक्षरं ती जुळवून वाचायचा प्रयत्न करत होती. तिला तिथून काही दिसणं शक्य नव्हतं. पण मला आतापर्यंत कुणी असं तपासलं नव्हतं.

मी होतं तसं वाचलं. आणि वर हेही सांगितलं की माझं शेत शंभर पावलांवर होतं, रोपं चांगली होती, मला ती खणवली नाहीत.

मग ठमाबाई उठली. ऐंशीच्या पुढची आहे, तिने आपल्या बाबांना घमेली उचलताना पाहिलंय. ती म्हणाली, “हैबत, काठी खाली ठेव. आनि कान्हूला आत बोलवा.” मी काठी देवळाच्या पायरीवर ठेवली. कान्हू आत आला, पण माझ्याशी बोलला नाही. बसला, आणि गावकी उठल्यावर बायकोला घेऊन घरी गेला. मला वाळीत टाकायचं की नाही, ते नारळी पौर्णिमेनंतर ठरणार आहे. ऋतुजाच्या सासरचे रोज येणारे आता येत नाहीत.

आणि आता जे चाललंय ते तुझ्या हॉब्सला दाखवायला हवं. काठी पायरीवर पडली आहे, ती उचलायला कुणी तयार नाही. चार दिवस प्रत्येकजण आपापल्या शेताच्या कडेला उभा आहे. बांधाची डागडुजी कुणी करत नाही, कारण कुणी सांगितल्याशिवाय का करायची. रविवारी नारळी पौर्णिमा, सोमवारी वर्षातलं मोठं उधाण. मला भीती वाटते, मालू. कारभारी असताना वाटत नव्हती.

तुझ्या तुकड्यासमोरचा बांध अजून ओला आहे, फुटला तर तिथेच फुटेल. म्हणून विचारतो. लागली तर तुझ्या तुकड्याची माती घेऊ का? उलट टपाली कळव. तुझं उत्तर येईपर्यंत मी तिथे पाऊल टाकणार नाही, आणि दुसऱ्यालाही टाकू देणार नाही.

राखी पोचली. बांधायला अजून हात होत नाही.
दादा


रोहा, १९ ऑगस्ट १९९४, संध्याकाळ

ति. दादास,
नमस्कार.

पत्र आत्ता मिळालं. घे. सगळी घे. तळं आणखी खोल झालं तरी चालेल.

टपाल निघून गेलं होतं, हे उद्या सकाळी पडेल. परवा रविवार. सोमवारी दुपारच्या आत तुझ्या हाती पडेल की नाही, याचा हिशोब करून माझं डोकं फिरलं आहे. यांना पेणला पाठवलं असतं, पण सुट्टी मिळेना, आणि सासूबाईंना कालपासून ताप आहे. तू विचारलंस एवढंच पुरे होतं रे. आता पत्राची वाट बघत बसू नकोस. मी हो म्हणते आहे, इथून ओरडून म्हणते आहे.

जीव सांभाळ.
मालू


॥ श्री ॥
चिंचखार, २५ ऑगस्ट १९९४

चि. सौ. मालूस,
दादाचे अनेक आशीर्वाद. विशेष.

आम्ही सगळे जिवंत आहोत, हे आधी.

सोमवारी दुपारी एकच्या सुमाराला बांध फुटला, मी म्हटलं होतं तिथेच. मी धावलो, वीसेक माणसं आली. दोन घरं आलीच नाहीत. सगळ्यांनी तुझ्या तुकड्याकडे पाहिलं, दहा पावलांवर होता. हौसाच्या भावाने फावडं उचललंसुद्धा. म्हणाला की सख्खी बहीण, ती काय नाही म्हणणार आहे? मी त्याचा हात धरला. म्हटलं की गेल्या खेपेला मी हेच म्हणालो होतो. पत्र आलेलं नाही.

मग मी माझ्या शेतात गेलो. भात गुडघ्याएवढा झाला होता. ऋतुजा शेताच्या कडेला उभी होती, तिने घमेलं धरलं. मी रोपांसकट माती भरली आणि डोक्यावरून नेऊन ओतली. शंभर पावलं ही फार असतात, मालू. ओतून मागे वळलो तर लोक उभेच. काठी नाही तर पुढचं शेत दाखवणार कोण? तेवढ्यात कान्हू आपल्या शेतात उतरला. कुणी सांगितलं नव्हतं. पहिलं फावडं त्याने घातलं, दुसरं शांतीने. मग सगळे आपापल्या शेतात शिरले.

पण खोटं लिहीत नाही. काठी असती तर खांड अर्धा तास आधी बुजली असती. पाच घरांच्या शेतांत पाणी गेलं, त्यात एक ठमाबाईचं. हे तुझ्या स्वाध्यायात हॉब्सच्या बाजूला लिही, त्याचंही देणं राहू नये.

तुझं ‘घे’ म्हणून लिहिलेलं पत्र मंगळवारी आलं. पोस्टमनसमोरच उघडलं. राखी तेव्हा बांधली, हौसाने गाठ मारली.

गावकीने काल मला वाळीत न टाकायचं ठरवलं. काठी परत घे म्हणाले. मी नको म्हटलं. ती देवळात आहे, आता दर उधाणाला एकेक घर ती पाळीने घेईल आणि पहिलं घमेलं त्याच घराचं. पहिली पाळी कान्हूची. तो अजून माझ्याशी दोन शब्दांच्या वर बोलत नाही, पण काल त्याच्या गणपतीचा पाट रंगवायला हौसा गेली होती आणि शांतीने तिला चहा दिला. ऋतुजाचे सासरेही परवा येऊन गेले. तारीख कायम आहे, तांदूळ मात्र विकत घ्यावा लागेल.

यंदा तुझ्या तुकड्यात भात नाही आणि माझ्या शेतातही नाही. दर भाऊबीजेला मी गोण घेऊन न सांगता दारात उभा राहायचो. यंदा हात रिकामे असतील.

येऊ का? उत्तर कळव.
तुझा,
दादा